बेचाळीस किलोमीटर आणि उसने तास



आज मला 'ध्येय आणि जिद्द' या विषयावर बोलायला बोलावलं आहे. पण खरं सांगते, माझ्याकडे जिद्दीवर बोलण्यासारखं फार काही नाही. मी २१ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन धावले. वेळ लागला पाच तास सत्तेचाळीस मिनिटं. शर्यत जिंकणारे या वेळात दोनदा पोहोचून अंघोळ आणि जेवण उरकतात. त्यामुळे वेगाने कसं धावायचं, हे माझ्याकडून शिकू नका. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हिशेब ठेवायची सवय आहे. त्या मॅरेथॉनचा एक हिशेब मी ठेवला होता, तो आज तुमच्यासमोर मांडते.

सुरुवात एका रक्त तपासणीपासून झाली. २०२१ च्या शेवटी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. आमच्या अब्बांना चाळिशीत मधुमेह झाला आणि छप्पनाव्या वर्षी बायपास करावी लागली. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर अम्मीच्या शेजारी मी बसले होते, ती रात्र मी विसरलेले नाही. कागदावरचा तो आकडा पाहिला आणि वाटलं, या बाकड्यावर पुढे कधीतरी माझी मुलगी बसणार.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आम्ही पुण्यात कोंढव्याला राहतो, तेव्हा ऑफिस हिंजवडीला होतं. जाण्यायेण्यात तीन तास, खुर्चीवर नऊ-दहा तास. चालायचं कधी? उरली पहाट. ऑफिसातली एक मैत्रीण कॅम्पात राहते, तिने रेस कोर्सच्या बाजूला सकाळी यायला सांगितलं. आधी नुसतं चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, मग दोन मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं. या धाव-चाल पद्धतीचा प्रसार जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने केला. ते स्वतः १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावले होते. चालणं म्हणजे हार नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला फार सोयीचं वाटलं! वर्षभरात पाच किलोमीटर झाले, मग दहा, आणि २०२२ च्या डिसेंबरात अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर.

तिथेच थांबायचं ठरवलं होतं. पण पुढच्या वर्षी २२ एप्रिलला ईद होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बासी ईदला आमच्या माहेरी सगळे जमले होते. दुपारी जेवणं झाल्यावर धाकटा भाऊ मोबाइलवर लंडन मॅरेथॉन पाहत होता. त्यात सिफान हसन नावाची एक मुलगी होती. जन्म इथिओपियातला, किशोरवयात निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आलेली. ट्रॅकवरच्या शर्यतींत ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं तिच्याकडे होती, पण मॅरेथॉन आयुष्यातली पहिलीच. मध्येच तिची कंबर दुखायला लागली. ती चक्क थांबली, रस्त्यावर उभं राहून पाय ताणले, मागे पडली, पुन्हा धावायला लागली आणि शेवटी जिंकली. शीर खुर्म्याची वाटी हातात घेऊन आम्ही सगळे बघत होतो. माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "अम्मी, ती थांबली तरी पहिली आली?" पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तिने मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं आणि पदक घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली. तो फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या स्टेटसला होता, मला माहीत आहे. पण माझा निर्णय त्या बासी ईदलाच झाला.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इत्ता भागके जाना कहाँ है तुझे?" प्रश्न बरोबर होता. सीएसएमटीपासून निघून परत सीएसएमटीलाच यायचं होतं!

आता हिशेबाकडे येते. तयारी अठरा आठवड्यांची होती, १७ सप्टेंबरपासून शर्यतीच्या दिवसापर्यंत. आठवड्यातून चार दिवस धावायचं, त्यातली रविवारची धाव लांब. चौदा किलोमीटरपासून सुरू करून तीसपर्यंत न्यायची, आणि शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत शरीराला विश्रांती द्यायची. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, अंतर, वेळ, नाडीचे ठोके, झोप. अगदी व्यवस्थित तक्ता होता. त्यात एक रकाना नव्हता, आणि ते मला सातव्या आठवड्यात कळलं.

त्या रविवारी चोवीस किलोमीटर होते. मी पहाटे साडेचारला निघाले. माझे पतीही आयटीतच आहेत. रात्रभर त्यांच्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला होता, ते पहाटे पाचला झोपले. मुलीला ताप होता. मी लुल्लानगरच्या चढावर, मग रेस कोर्स, कोरेगाव पार्क, बंडगार्डन, असं करत साडेआठला घामाघूम आणि खुशीत घरी आले. दारातूनच ओरडले, "चोवीस झाले!" कोणीच काही बोललं नाही. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, अर्ध्या तासावर उभं राहवत नाही. पहाटेपासून त्या मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या, मग पीठ मळलं, पोळ्या केल्या, सासऱ्यांची गोळी दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नहा ले, चाय रखती." रागाचा एक शब्द नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी वाद घातला असता. पण त्या चहा ठेवायला वळल्या, आणि मला त्यांचा भिंतीला धरलेला हात दिसला.

त्या रात्री मी तक्ता उघडला आणि एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, 'कोणाचा वेळ'. मागच्या सात आठवड्यांतली प्रत्येक धाव आठवून लिहिलं की मी बाहेर असताना घरातलं माझं काम कोणी केलं. लिहिताना लाज वाटली. मी सगळ्यांना सांगत होते की मी 'स्वतःसाठी वेळ काढते'. अहो, वेळ काही कपाटातून काढता येत नाही. दिवसाचे तास चोवीसच. माझ्या हातात आलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी हातातून आला होता, आणि त्यातले बरेच तास मी न विचारता घेतले होते. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्याकडून.

पुढच्या शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर दस्तरखान उचलायच्या आधी मी सगळ्यांना बसवलं. आमच्या ऑफिसात रोज सकाळी दहा मिनिटांची उभ्या उभ्या बैठक असते, कोण काय करतंय आणि कोणाचं काय अडलंय. ती मी घरी बसून घेतली. तक्ता दाखवला. पती म्हणाले, "माझे तास एवढेच?" मी म्हटलं, "एवढेच. सात आठवड्यांत नऊ." ते गप्प झाले. मग म्हणाले, "रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण आजपासून माझं." पहिल्या रविवारी त्यांनी केलेला खिमा इतका खारट होता की आम्ही तो दह्याबरोबर खाल्ला. तिसऱ्या रविवारी जमला. दिरांनी बाजारहाट आणि सासऱ्यांची औषधं घेतली. 'मदत करतो' असं कोणी म्हणायचं नाही, असा नियम माझ्या नणंदेने घातला. काम घराचं आहे, मग मदत कोणाला?

मग मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला आठवड्यात किती तास हवेत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. बराच वेळ दस्तरखानावरचे कण गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "किसीने पूछाच नहीं अबतक." त्यांना काय हवं होतं? गुरुवारची दुपार. भवानी पेठेत त्यांची बहीण राहते, तिच्याकडे जायचं आणि मगरिबपर्यंत यायचं. पण जायच्या आधी रात्रीचा स्वयंपाक करून ठेवायचा नाही. एवढंच. चाळीस वर्षं त्या बहिणीकडे जात होत्या, पण प्रत्येक वेळी आधी दोन वेळचं रांधून आणि परत येऊन भांडी घासून. तो गुरुवार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

माझ्या मैत्रिणीबद्दलही सांगितलं पाहिजे. पहाटेच्या अंधारात एकटीने धावायची मला भीती वाटायची. कुत्र्यांची वाटायची आणि माणसांचीही. सुरुवातीला भाऊ स्कूटरवर मागून यायचा. वीस किलोमीटर सातच्या वेगाने स्कूटर चालवणं ही पण एक तपश्चर्याच! मग मैत्रीण माझ्याबरोबर लांब पल्ल्याला यायला लागली. तिला शर्यतीत भाग घ्यायचा नव्हता. ती फक्त यायची आणि ऑफिसातल्या गप्पा सांगायची. तयारीच्या धावेचा वेग असा असावा की धावताना बोलता आलं पाहिजे. हा नियम पुस्तकातला आहे, मी तो तिच्यामुळे पाळला.

मोहल्ल्यात बोलणारे होते. मी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, ट्रॅक पँट आणि डोक्याला स्कार्फ बांधून धावते. तरी एका बुजुर्गांनी सासऱ्यांना गाठून विचारलं की सून पहाटे कुठे जाते. सासरे म्हणाले, "डॉक्टरने बोला है." घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण पूर्ण खरंही नाही. आता मला डॉक्टर पाठवत नाही, मला आवडतं म्हणून जाते." ते हसले. पुढच्या वेळी त्यांनी तसंच सांगितलं. मला याचं अप्रूप जास्त आहे. बायकांना आजारपणासाठी परवानगी मिळते, आवडीसाठी मिळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुरू झाल्यावर पुरुषांच्या घोळक्यात शिरून धावली, कारण बायकांना प्रवेश नव्हता. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर क्रमांक लावून धावत होती, तर एका पदाधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. बॉस्टनला बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, आणि ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली थेट १९८४ मध्ये. बायकांच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही, असं शहाणी माणसं सांगत होती. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. झेपतं की नाही हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. प्रश्न उरला आहे तो वेळ कोण देतं हा.

शर्यतीच्या आदल्या रात्री आम्ही भेंडी बाजारात खालाच्या घरी मुक्कामाला होतो. खालाने आग्रहाने बिर्याणी केली होती, मी साधा भात आणि दही खाल्लं. तिला वाईट वाटलं, पण शर्यतीच्या आधी पोटाला नवं काही द्यायचं नाही. पहाटे खालूजान मला मोहम्मद अली रोडवरून चालत सीएसएमटीपर्यंत सोडायला आले. रस्ता रिकामा, दुकानं बंद. ते म्हणाले, "पन्नास वर्षं इथे राहतो, हा रस्ता असा शांत कधी पाहिला नाही."

पहिले वीस किलोमीटर सुखात गेले. मरीन ड्राइव्हवर अंधार होता, सी लिंकवर उजाडलं. एरवी त्या पुलावर पायी जाता येत नाही, त्या दिवशी तो आमचा होता. माहीम, शिवाजी पार्क, सगळीकडे लोक घरातून उतरून रस्त्यावर उभे होते. कोणी संत्र्याच्या फोडी, कोणी चिक्की, कोणी मीठ. एका आजींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि माझं नाव न विचारता म्हणाल्या, "जा बाळा."

एकतिसाव्या किलोमीटरला पोटरी आखडली. याला धावणारे 'भिंत' म्हणतात. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. पाय जड होतात, आणि डोकं सांगायला लागतं की पुरे. मी फुटपाथच्या कडेला बसले. खरंच वाटलं की संपलं. मला त्या वेळी जिद्द वगैरे काही आठवली नाही. मला आठवला तो तक्ता. एकशे वीस तास. पतीचे अठ्ठावन्न, सासूबाईंचे एकतीस, मैत्रिणीचे बावीस, भावाचे नऊ. मी स्वतः त्या अठरा आठवड्यांत साधारण त्र्याऐंशी तास धावले होते. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त तास इतरांचे होते. पण एक गोष्ट सांगते, तो कर्जाचा बोजा वाटला नाही. न विचारता घेतले होते तेव्हा बोजा होता. विचारून घेतलेल्या तासांनी उलट हलकं वाटलं. मला कळलं की इथून परत फिरले तरी घरी कोणी हिशेब मागणार नाही. ते कळलं आणि मी उठले. सिफान थांबली होती, मीही थांबले. पोटरी ताणली, क्षाराचं पाणी प्यायले, आणि पुढचे अकरा किलोमीटर दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असे काढले. पेडर रोडचा चढ सगळा चालत गेले.

मरीन ड्राइव्हला शेवटच्या टप्प्यात पती आणि मुलगी उभे होते. मुलीच्या हातात पुठ्ठा होता, त्यावर तिने स्वतः लिहिलं होतं, 'अम्मी हळू पळ पडशील.' मी तिला रोज म्हणते ते वाक्य. मी रडले आणि हसले, आणि खरंच हळू पळाले.

पोहोचल्यावर अब्बांचा फोन आला. शाबासकी नाही. विचारलं, "शुगर कधी तपासणार?" तपासली. ५.६. उंबरठ्याच्या अलीकडे. पण इथे गैरसमज नको. शुगरसाठी मॅरेथॉनची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. अब्बा आता तेवढं चालतात. ज्यांना धावायचंच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. अंतर हळूहळू वाढवा, घाई केली की गुडघा बोलतो. लांब धावेत पाण्याबरोबर मीठही घ्या, नुसतं पाणी ढोसणं घातक ठरू शकतं. आणि रमजानमध्ये रोजा असताना लांब पल्ला धावू नका. इफ्तारनंतर थोडं चाला, अंतर ईदनंतर वाढवा. वर्षात अकरा महिने आणखी असतात.

आता शेवटचं. तुमच्यातल्या प्रत्येकाची एक मॅरेथॉन चालू आहे. कोणाची एमपीएससी, कोणाची नीट, कोणाचं दुकान, कोणाचं गाणं. तुमच्या अभ्यासाच्या तासांचा तक्ता तुमच्याकडे असेल. त्यात 'कोणाचा वेळ' हा रकाना घाला. विशेषतः मुलांना सांगते. तुम्ही लायब्ररीतून रात्री दहाला येता तेव्हा गरम जेवण ताटात येतं. तुमची बहीणही तीच परीक्षा देत असते, तिचे तास कुठे गेले, हे त्या रकान्यात सापडेल. आणि मुलींनो, तास मागायला लाजू नका. आजारी पडायची वाट पाहू नका. मागा, आणि मिळाले की परतही करा.

आज घरी गेल्यावर एका माणसाला विचारा, "तुला आठवड्यात किती तास हवेत?" उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.

यंदा मी मॅरेथॉन धावत नाही. माझी नणंद नेटच्या परीक्षेची तयारी करते आहे, रविवारी ती सकाळी सातला लायब्ररीत जाते. तक्त्यात यंदा तिचं नाव वर आहे आणि माझं 'कोणाचा वेळ' या रकान्यात. रविवारचा खिमा आता मी आणि पती आळीपाळीने करतो. या रविवारी माझी पाळी आहे, म्हणून तुमची रजा घेते.